जॉय डिव्हिजन : मंचावरचा नाच आणि मंचावरची आकडी

अवघी तीन वर्षे मंचावर राहिलेल्या 'जॉय डिव्हिजन' या इंग्लिश रॉक बँडच्या कार्यक्रमांविषयी आजही भरभरून बोलले जाते. मात्र त्या कार्यक्रमांत प्रेक्षक नेमके काय पाहत होते, हा प्रश्न विचारल्याशिवाय ही आठवण पूर्ण होत नाही.

२ मे १९८० रोजी रात्री बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या 'हाय हॉल' या वसतिगृहात मँचेस्टरहून आलेल्या चार तरुणांनी कार्यक्रम सादर केला. त्यात त्यांनी 'सेरेमनी' हे नवे गाणे प्रथमच जाहीरपणे वाजवले आणि 'डिजिटल' या गाण्याने रात्रीची सांगता केली. सोळा दिवसांनी, १८ मे रोजी, बँडचा गायक इयन कर्टिस याने मॅकल्सफील्ड येथील राहत्या घरी आत्महत्या केली. त्याचे वय होते २३ वर्षे. दुसऱ्याच दिवशी बँड अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघणार होता. बर्मिंगहॅमचा तो कार्यक्रम 'जॉय डिव्हिजन'चा अखेरचा ठरला.

रॉक संगीताच्या जगात काही बँड लोकप्रिय असतात, तर काहींभोवती भक्तांचा पंथ तयार होतो. या दुसऱ्या प्रकाराला 'कल्ट' म्हटले जाते. असा पंथ विक्रीच्या आकड्यांवर उभा राहत नाही. तो उभा राहतो आठवणींवर, ऐकीव कथांवर आणि 'आम्ही तेथे होतो' असे सांगणाऱ्यांवर. 'जॉय डिव्हिजन' हे त्याचे ठळक उदाहरण. या बँडने आपल्या हयातीत एकच अल्बम प्रसिद्ध झालेला पाहिला. मोठी सभागृहे त्याच्या वाट्याला क्वचितच आली, आणि आली तीही बहुधा दुसऱ्या कोणाच्या कार्यक्रमाआधीची वेळ भरून काढण्यासाठी. असे असूनही आज जगभर त्याचे नाव घेतले जाते.

गिरण्यांच्या शहरातला आवाज

कापडाच्या व्यापारामुळे मँचेस्टर हे नाव महाराष्ट्राला जुने आहे. इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणण्याची पद्धत त्यातूनच पडली. मात्र १९७० च्या दशकातील खुद्द मँचेस्टर हे बंद पडलेल्या गिरण्यांचे, काजळी धरलेल्या विटांच्या इमारतींचे आणि वाढत्या बेकारीचे शहर होते. जुन्या कामगार वस्त्या पाडून तेथे काँक्रीटच्या अवाढव्य इमारती उभ्या केल्या जात होत्या. गिटारवादक बर्नार्ड समनर आणि बासवादक पीटर हुक हे लगतच्या सॅल्फर्डमधील शाळासोबती. गायक इयन कर्टिस आणि ड्रमवादक स्टीफन मॉरिस हे दक्षिणेकडील मॅकल्सफील्ड या जुन्या रेशीमनगरीतले.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या 'लेसर फ्री ट्रेड हॉल'मध्ये 'सेक्स पिस्टल्स' या पंक बँडचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक मोजकेच होते. त्यांत समनर आणि हुकही होते. संगीताचे शिक्षण नसले तरी आपणही हे करू शकतो, असा विश्वास त्या रात्रीने त्यांना दिला. दुसऱ्याच दिवशी हुकने बास गिटार विकत घेतली. पुढे कर्टिस त्यांना येऊन मिळाला आणि २९ मे १९७७ रोजी 'इलेक्ट्रिक सर्कस' या क्लबमध्ये 'वॉर्सॉ' या नावाने त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. मॉरिस त्यानंतर काही महिन्यांनी आला आणि चौकडी पूर्ण झाली.

लंडनमध्ये मिळत्याजुळत्या नावाचा दुसरा बँड असल्याने १९७८ च्या आरंभी नाव बदलावे लागले. 'जॉय डिव्हिजन' हे नवे नाव एका कादंबरीतून घेतले होते. नाझी छळछावण्यांतील ज्या भागात कैदी स्त्रियांचे लैंगिक शोषण केले जाई, त्याला त्या कादंबरीत हे नाव आहे. या निवडीवर तेव्हा टीका झाली आणि आजही होते. धक्का देण्याची हौस पंक पिढीच्या अंगात मुरलेली होती, एवढेच स्पष्टीकरण देता येईल. समर्थन मात्र अवघड आहे.

१४ एप्रिल १९७८ रोजी मँचेस्टरच्या 'रॅफ्टर्स' क्लबमध्ये नव्या बँडची चाचणी-स्पर्धा झाली. 'जॉय डिव्हिजन'ची पाळी मध्यरात्र उलटून गेल्यावर आली. त्या क्लबमध्ये तबकड्या वाजवण्याचे काम करणारा रॉब ग्रेटन ते वादन ऐकून भारावला आणि लवकरच बँडचा व्यवस्थापक बनला. ग्रॅनडा दूरचित्रवाणीचे निवेदक टोनी विल्सन हेही तेथे होते. आपल्याला दूरचित्रवाणीवर संधी का देत नाही, म्हणून कर्टिसने त्यांना त्या रात्री खडसावले, ही कथा मँचेस्टरमध्ये अजून सांगितली जाते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विल्सन यांच्याच कार्यक्रमात बँड झळकला आणि पुढे त्यांच्या 'फॅक्टरी' कंपनीने त्याच्या तबकड्या काढल्या.

तबकडी थंड, मंच तापलेला

'अननोन प्लेझर्स' हा पहिला अल्बम स्टॉकपोर्टच्या 'स्ट्रॉबेरी स्टुडिओ'त ध्वनिमुद्रित होऊन जून १९७९ मध्ये बाहेर पडला. निर्माता मार्टिन हॅनेट याने ध्वनीची अक्षरशः चिरफाड केली. ड्रमचा एकेक घटक वेगळा वाजवून घेतला, प्रतिध्वनीसाठी त्या काळी नवी असलेली डिजिटल यंत्रे वापरली, लिफ्टचा आवाज आणि काच फुटण्याचा आवाज गाण्यांत मिसळला. परिणामी रिकाम्या इमारतीत कोणीतरी एकटेच गात आहे असा भास होतो. समीक्षकांना हे अपूर्व वाटले. समनर आणि हुक मात्र नाराज झाले. मंचावर आपण वाजवतो तो दणका तबकडीत उतरलाच नाही, अशी त्यांची तक्रार होती.

त्या तक्रारीत तथ्य होते. मंचावर हा बँड वेगवान, कर्कश आणि अंगावर येणारा होता. गाण्यांच्या मधे प्रेक्षकांशी गप्पा नसत, विनोद नसत. कपडे साधे, कार्यालयात जाणाऱ्या कारकुनासारखे. शर्ट, पँट, आखूड केस. पंक बँडच्या फाटक्या, भडक पोशाखांच्या काळात हा साधेपणाच लक्ष वेधून घेई.

बँडची ओळख ठरलेला बास गिटारचा उंच पट्टीतला सूरही अडचणीतूनच सापडला. हुकचा ध्वनिवर्धक निकृष्ट होता आणि समनरची गिटार मोठ्या आवाजात वाजे. खालच्या पट्टीत वाजवले तर हुकला स्वतःचेच वादन ऐकू येत नसे. म्हणून तो वरच्या सुरांकडे सरकला. पुढे गिटारने कर्कश पोत पुरवायचा आणि बासने चाल सांभाळायची, अशी कामाची उलटी वाटणी झाली. एरवी रॉक संगीतात बास पाठीमागे उभा राहतो. येथे तो पुढे आला. त्यानंतरच्या कितीतरी बँडनी ही रीत उचलली.

पापण्या न लवता पाहावा असा नाच

या सर्वांच्या मध्यभागी कर्टिस उभा असे. गाण्याच्या आरंभी तो जवळजवळ निश्चल असे. दोन्ही हातांनी मायक्रोफोन धरलेला, डोळे दूर कोठेतरी लागलेले. वाद्यांचा वेग वाढला की कोपरे दुमडून हात गरगर फिरू लागत, पाय जागच्या जागी धावल्यासारखे हलत आणि नजर मात्र तशीच स्थिर राही. अंगावर त्याचा ताबा आहे की नाही, हे पाहणाऱ्याला कळत नसे. बीबीसीच्या 'समथिंग एल्स' या कार्यक्रमात सप्टेंबर १९७९ मध्ये बँडने 'ट्रान्समिशन' आणि 'शीज लॉस्ट कंट्रोल' ही गाणी सादर केली. त्या चित्रफितीत हा नाच आजही पाहता येतो.

यातील 'शीज लॉस्ट कंट्रोल' या गाण्यामागची हकिकत कर्टिसच्या नोकरीशी जोडलेली आहे. तो सरकारी रोजगार कार्यालयात होता आणि अपंग व दीर्घकाळ आजारी असलेल्यांना काम मिळवून देणे हे त्याच्याकडचे काम. अपस्माराने त्रस्त असलेली एक तरुणी नोकरीच्या शोधात त्या कार्यालयात येत असे. एके दिवशी ती यायची थांबली. तिचा मृत्यू झाल्याचे कर्टिसला नंतर समजले. त्या धक्क्यातून हे गाणे आले. पुढे जे घडले ते कादंबरीत वाचले असते तर योगायोग फारच जुळवलेला वाटला असता.

२७ डिसेंबर १९७८ रोजी लंडनच्या 'होप अँड अँकर' येथे बँडचा राजधानीतील पहिला कार्यक्रम झाला. परतीच्या वाटेवर मोटारीतच कर्टिसला जोराची आकडी आली. सहकाऱ्यांनी त्याला वाटेतल्या रुग्णालयात नेले. जानेवारी १९७९ मध्ये डॉक्टरांनी निदान केले : अपस्मार. ज्या आजारावर त्याने गाणे लिहिले, तोच त्याच्या वाट्याला आला होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कर्टिसचा तो विलक्षण नाच निदानाच्या आधीपासून होता. त्यामुळे नाच म्हणजेच आजार, हे समीकरण चुकीचे आहे. परंतु निदानानंतर त्या दोहोंमधली सीमारेषा पुसट होत गेली. नाचता नाचता खरोखरीची आकडी येऊ लागली. त्याची पत्नी डेबोरा कर्टिस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या पुस्तकात मंचावरचा नाच आणि घरी येणाऱ्या आकड्या यांतील क्लेशदायक साम्य नोंदवले आहे. प्रेक्षकांना मात्र दोन्ही एकच वाटे. तो कोसळला तरी तो कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्या वाजत.

आजार आणि दौऱ्याचे वेळापत्रक

अपस्मार म्हणजे वेड नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. मेंदूतील पेशींमध्ये विद्युतसंदेशांची देवाणघेवाण अखंड चालू असते. काही काळ हे संदेश एकाच वेळी, बेताल आणि अतिरिक्त प्रमाणात सुटले की शरीरावरचे नियंत्रण जाते, तीच आकडी. अपुरी झोप, थकवा, मद्यपान, मानसिक ताण आणि औषधांच्या वेळा चुकणे यांमुळे आकडीची शक्यता वाढते. काहींना लुकलुकणाऱ्या प्रकाशाचाही त्रास होतो. अपस्मार असलेल्या शंभरांपैकी साधारण तिघांना तो होतो आणि सेकंदाला तीन ते तीस वेळा उघडझाप करणारा प्रकाश त्यांना विशेष धोकादायक ठरतो.

ही यादी समोर ठेवून रॉक बँडचे जीवन पाहावे. रात्री उशिरा कार्यक्रम, मग मोटारीतून तासन्‌तास प्रवास, अवेळी जेवण, मद्य, जागरण आणि वर मंचावरचे प्रखर झोत. डॉक्टर जे जे टाळायला सांगतात ते सारे या व्यवसायाच्या रोजच्या क्रमात होते. १९७९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'बझकॉक्स' या बँडबरोबरच्या ब्रिटनभरच्या दौऱ्यासाठी कर्टिसने नोकरी सोडली. १९८० च्या जानेवारीत नेदरलँड्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनीचा दौरा झाला. मार्चमध्ये लंडनला 'क्लोजर' या दुसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. विश्रांती अशी मिळालीच नाही.

उपचारही आजच्यासारखे नव्हते. त्या काळातील औषधांनी गुंगी येई, मनःस्थिती खालावे. कमी दुष्परिणाम असलेली अनेक औषधे त्यानंतरच्या दशकांत आली. घरी एक वर्षाची मुलगी होती, संसारात तडा गेला होता आणि अपराधीपणाची भावना वाढत होती. कर्टिसचे नैराश्य केवळ आजारातून आले की औषधांतून की परिस्थितीतून, याचा निवाडा आज कोणी करू नये. एवढे निश्चित, की या तिन्हींचे ओझे एकाच माणसावर होते आणि तो माणूस रोज रात्री मंचावर उभा राहत होता.

एप्रिलमधले पाच दिवस

४ एप्रिल १९८० रोजी बँडने एकाच रात्री लंडनमध्ये दोन ठिकाणी कार्यक्रम केले. आधी 'रेनबो थिएटर'मध्ये 'स्ट्रँग्लर्स' या बँडच्या कार्यक्रमात. तेथे लुकलुकणाऱ्या झोतांत कर्टिसला आकडी आली आणि तो ड्रमवर जाऊन कोसळला. त्याला सावरण्यात आले. त्यानंतर सगळे वेस्ट हॅम्पस्टेडच्या 'मूनलाइट क्लब'मध्ये ठरलेल्या दुसऱ्या कार्यक्रमासाठी गेले. तेथेही त्याला आकडी आली.

७ एप्रिल रोजी त्याने औषधांची अतिरिक्त मात्रा घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. वेळीच उपचार झाल्याने तो बचावला. दुसऱ्या दिवशी, ८ एप्रिलला, मँचेस्टरजवळच्या बरी येथील 'डर्बी हॉल'मध्ये बँडचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द झाला नाही. कर्टिसला तेथे आणण्यात आले. त्याने दोन संथ गाणी म्हटली. उरलेली गाणी इतर बँडच्या गायकांनी सांभाळायची, असे ठरले होते. प्रेक्षकांना हे मान्य झाले नाही. बाटल्या आणि ग्लास मंचाकडे भिरकावले गेले, छताचे काचेचे झुंबर फुटले आणि हाणामारी झाली. आदल्याच दिवशी मृत्यूच्या दारातून परतलेला तरुण आपल्यामुळे हे सारे घडले असे मानत असेल, तर त्यात नवल नाही.

यानंतर काही कार्यक्रम रद्द झाले, सगळे नव्हे. १९ एप्रिल रोजी बँड डर्बी शहरातील 'अजंठा' या मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल अशा नावाच्या थिएटरात वाजवत होता. मग २ मे आणि बर्मिंगहॅम.

हे वाचताना व्यवस्थापक आणि सहकाऱ्यांना दोषी ठरवण्याचा मोह होतो. पण समनर, हुक आणि मॉरिस हे तिघेही तेव्हा विशीच्या आरंभी होते. या तिघांनीही पुढे अनेक मुलाखतींत आणि आठवणींत सांगितले आहे की कर्टिसच्या शब्दांकडे त्यांनी तेव्हा गंभीरपणे लक्षच दिले नव्हते. तो स्वतःच 'मी ठीक आहे' म्हणत असे आणि त्यावर विश्वास ठेवणे सर्वांनाच सोयीचे होते. अपस्माराबद्दल उघडपणे बोलण्याचा तो काळ नव्हता. कलाकाराच्या मनःस्वास्थ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नच संगीत व्यवसायाने तोवर विचारलेला नव्हता.

आठवण कशी ठेवावी?

कर्टिसच्या मृत्यूनंतर 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' हे गाणे ब्रिटनच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि जुलै १९८० मध्ये 'क्लोजर' प्रसिद्ध झाला. उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडले आणि 'न्यू ऑर्डर' या नावाने ते पुन्हा उभे राहिले. 'सेरेमनी' हेच त्यांचे पहिले एकल गाणे ठरले. १९८३ मधल्या 'ब्लू मंडे'ने तर नृत्यसंगीताला नवे वळण दिले.

'जॉय डिव्हिजन'च्या कार्यक्रमांचे अवशेष मात्र विखुरलेले आहेत. बर्मिंगहॅमचे ध्वनिमुद्रण १९८१ च्या 'स्टिल' या संग्रहात आहे. फेब्रुवारी १९८० मधल्या प्रेस्टन येथील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण १९९९ साली आले. त्यात यंत्रणा वारंवार दगा देते, तरीही बँड वाजवत राहतो. पॅरिसच्या 'ले बँ दूश' क्लबमधले डिसेंबर १९७९ चे ध्वनिमुद्रण २००१ साली आले. हॅनेटच्या तबकड्यांशी ते ताडून पाहिले की समनर आणि हुक यांची तक्रार पटते. गाणी तीच, पण तबकडीवर जे दुःख गोठलेले भासते, ते येथे उकळत असते. अँटन कॉर्बाइन यांचा 'कंट्रोल' हा चित्रपट आणि ग्रँट गी यांचा माहितीपट, दोन्ही २००७ सालचे, नव्या पिढीसाठी प्रवेशद्वार ठरले. पीटर हुक २०१० पासून आपल्या स्वतंत्र बँडसह हीच गाणी मंचावर सादर करत आला आहे.

दुसरीकडे 'अननोन प्लेझर्स'चे मुखपृष्ठ स्वतंत्रपणे जगभर फिरते आहे. काळ्या पार्श्वभूमीवरच्या त्या पांढऱ्या लाटा म्हणजे १९६७ साली शोधल्या गेलेल्या पहिल्या पल्सार ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांचा आलेख. खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशातला तो आलेख पीटर सॅव्हिल यांनी मुखपृष्ठासाठी वापरला. हे चित्र छापलेले टी-शर्ट घालणाऱ्या अनेकांनी या बँडचे एकही गाणे ऐकलेले नसते. त्यात गैर काही नाही; प्रतीके अशीच प्रवास करतात.

गैर आहे ते वेगळेच. दुःखी कलावंताचा अकाली मृत्यू म्हणजे जणू त्याच्या कलेवरची मोहोर, अशी एक समजूत रसिकांत सगळीकडेच मुरलेली आहे. 'जॉय डिव्हिजन'भोवती ती विशेष दाट जमली. या समजुतीत १९८० चा एप्रिल महिना शोकांतिकेच्या अखेरच्या अंकासारखा अटळ भासू लागतो. प्रत्यक्षात त्यात अटळ असे काही नव्हते. एक दौरा पुढे ढकलता आला असता, एक सभागृह परत करता आले असते, झोत बदलता आले असते. आज अनेक देशांत कार्यक्रमाच्या दारावर 'येथे लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा वापर होईल' अशी सूचना लावलेली असते. आजारी कलाकाराने दौरा थांबवला तर बहुतेक चाहते ते समजून घेतात. या साध्या गोष्टी आहेत. पण १९८० मध्ये त्या कोणाला सुचल्या नाहीत.

तेव्हाच्या प्रेक्षकांची त्यात चूक नव्हती. त्यांना ठाऊकच नव्हते. आजच्या रसिकाला मात्र ते ठाऊक आहे. 'समथिंग एल्स'ची ती चित्रफीत पाहताना कर्टिसच्या प्रतिभेला दाद द्यावीच. तो आवाज, ते शब्द आणि चौघांनी मिळून उभा केलेला तो दणका आजही अस्सल आहे. परंतु त्या नाचाकडे पाहताना हेही ध्यानात असावे की काही रात्री तो नाच नव्हता, आणि टाळ्या मात्र तशाच वाजत होत्या.